दारावरचा तवा

“माझं खरं धरतच नाही कुणी! आख्ख्या पेठेत एक माणूस नाही, जो म्हणेल की बाई, तू खरं बोलतेस!”

असं ओरडत एक बाई भर बाजाराच्या दिवशी पेठेच्या पारापाशी आली. पदर खोचलेला, कपाळावर घाम, आणि हातात एक पातळ, वाकडा तवा. लोकांनी पाट्या खाली ठेवल्या आणि भोवती गोळा झाले. भांडण ऐकायला पैसे पडत नाहीत.

ही गोष्ट फार मागची आहे. डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची. त्या काळी जनावरंसुद्धा बोलायची. पण विचारल्याशिवाय बोलायची नाहीत, म्हणून त्यांच्या साक्षीला माणसाच्या साक्षीपेक्षा वजन होतं. लहानांनी ऐका. आणि लहानांना मांडीवर घेऊन बसलेल्यांनी तर जास्त ऐका, कारण यातली चूक लहानांची नाही.

त्या बाईचं नाव गोजरा. घाटाच्या पायथ्याला एक वाडी होती, तिथं ती भाकरी विकायची. माल लादलेल्या बैलांचे तांडे घाट चढायच्या आधी वाडीत टेकायचे आणि गोजराची भाकरी खाऊन पुढं जायचे. तिच्या भाकरीचं सगळं गुपित तिच्या तव्यात होतं. जाड, काळा, लोखंडी तवा. तिच्या आईनं आयुष्यभर वापरून तिला दिलेला. त्यावर भाकरी टाकली की टम्म फुगायची, आणि करपायची म्हणाल तर कधी नाही. नवरा वारल्यावर गोजरानं त्या तव्यावर स्वतःचं पोट भरलं, दोन लेकी उजवल्या, आणि कुणापुढं हात पसरला नाही.

मग काय झालं, तांड्यांनी मुक्काम बदलला. वाडीत थांबायच्याऐवजी ते एका दमात घाट चढायचे आणि वरच्या पेठेत उतरायचे. पेठेत पाण्याची सोय होती. चुलीपाशी उरली गोजरा, आणि तिची कुत्री.

“गिऱ्हाईक वर गेलंय तर मीच वर जाते,” गोजरा म्हणाली आणि घाट चढून पेठेत गेली.

पेठेत येसाआक्का म्हणून एक घरमालकीण होती. तिची रस्त्याला लागून एक खोली रिकामी होती. पुढं ओसरी, ओसरीत चुलीला जागा, समोरच बैलांचा तळ. गोजरानं ती बघितली आणि तिचं मन तिथंच बसलं.

“घेतली मी. आठ दिवसांत बोचकं घेऊन येते.”

“घ्या की,” येसाआक्का म्हणाली. ती उखळात मिरच्या कांडत होती. “विसार टांगा आणि जा.”

आता ही विसाराची रीत नीट ऐका, सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. घर धरून ठेवायला आधी जे द्यायचं, तो विसार. सगळीकडे विसार पैशाचा असतो. पेठेत मात्र पैसा चालत नसे. जुनी माणसं म्हणायची, पैसेवाला दहा दारं अडवील आणि त्यातल्या नऊ दारांत कधी फिरकणार नाही. म्हणून ज्या वस्तूवाचून आपलं रोज अडतं, ती वस्तू त्या खोलीच्या दारावर टांगायची. शिंप्यानं कात्री टांगावी, सुतारानं वाकस. अशी वस्तू दिसली की दुसरं कुणी त्या दारी राहायला येत नसे. पुढच्या पुनवेपर्यंत येऊन राहायचं, नाहीतर पुनवेच्या आत येऊन आपल्या हातानं वस्तू उतरवायची. उतरवली तर कुणी रागवत नसे, उलट जेवूनच जा म्हणत. पण पूनव उलटली आणि माणूस आला नाही, तर विसार बुडाला. वस्तू घरमालकाची.

गोजराकडे दोन तवे होते. हा एक, आणि दुसरा कुठल्याशा जत्रेत घेतलेला, पातळ. पण पातळ तवा घरी होता. पेठेत येताना वाटेत भाकरी भाजायला तिनं आईचाच तवा आणला होता.

“हा टांगते,” ती म्हणाली.

“बघा बाई, त्याच्यावाचून अडेल ना तुमचं?”

“अडेल म्हणून तर टांगते. आठ दिवसांचा तर सवाल.”

मग येसाआक्कानं मुसळ खाली न ठेवता सगळी रीत सांगितली. पूनव, आपला हात, विसार बुडणं, सगळं. मुसळ धाडधाड वाजत होतं आणि गोजरा ओसरीत चूल कुठल्या कोनाला मांडावी ते बघत होती. वारा कुठून येतो, धूर कुठं जाईल, हेच तिच्या डोक्यात. मान मात्र ती हलवत होती.

“कळलं ना?”

“कळलं, कळलं.”

येसाआक्कानं सांगितलं, हे खरं. गोजरानं ऐकलं नाही, हेही खरं. अशी दोन खरी एका घरात आली की भांडण ठरलेलंच.

त्यात गोजराच्या वाडीत वेगळी रीत होती. वाडीत म्हणत, चूल पेटेपर्यंत घर कुणाचं नाही. चूल पेटायच्या आधी मन फिरलं तर नमस्कार करावा आणि आपली वाट धरावी. जगात दुसरी रीत असू शकते, हे गोजराला कुणी सांगितलं नव्हतं. बहुतेकांना कुणी सांगत नाही.

ती घाट उतरून वाडीत आली. बोचकं बांधलं. शेळी शेजारणीला देऊन टाकली. उद्या निघायचं, आणि आदल्या दिवशी अचानक एक मोठा तांडा वाडीत उतरला. चाळीस बैल. तांड्याचा नाईक म्हणाला, “बाई, वर पेठेत लई गर्दी झालीय. आम्ही आता येताजाता हितंच टेकणार.”

गोजरानं बोचकं सोडलं.

तेव्हाच मीठ विकणारा लिंबा आपलं गाढव घेऊन घाट चढायला निघाला होता. दर आठ-पंधरा दिवसांनी त्याची खेप असायची. गोजरा त्याला म्हणाली, “लिंबा, येसाआक्काला सांग. पुनवेला जमत नाही. पण खोली माझीच. कुणाला देऊ नका, अवसेला येतेच.”

“सांगतो, अक्का,” लिंबा म्हणाला. निरोप विसरू नये म्हणून तो वाटभर गाढवाच्या कानाशी तोच पुटपुटत जायचा. गाढवाला त्याचा कंटाळा यायचा. पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही, म्हणून ते गप्प.

तांडा गेला. परत यायचा होता, तो येणार की नाही कळेना. गोजरा पातळ तव्यावर भाकरी भाजत होती. एका बाजूनं करपायची, दुसऱ्या बाजूनं कच्ची. चुकून टेकलेला एक बैलवाला म्हणाला, “बाई, ही भाकरी हाय का घरावरचं कौल?”

“कौल असतं तर तुझ्या डोक्यात घातलं असतं,” गोजरा म्हणाली. पण तो खरं बोलला होता आणि तिला ते ठाऊक होतं.

जावं की राहावं? वाडी सोडली आणि तांडे वाडीतच येऊ लागले तर? वाडी धरली आणि ते पेठेतच गेले तर? ती उभ्या उभ्या चुलीतली लाकडं मागंपुढं करत राहायची. अवसेला लिंबा पुन्हा आला, तेव्हा ती म्हणाली, “सांग त्यांना, बहुतेक येत नाही मी. पण दार दुसऱ्याला देऊ नका म्हणावं. मन फिरलं तर?”

“फिरलं तर?” लिंबानं विचारलं.

“फिरलं तर येईन ना!”

“आन् न्हाई फिरलं तर?”

“अरे, तू मीठ विक, मला शिकवू नको.”

लिंबानं मान हलवली, गाढवाला चुचकारलं आणि पुटपुटत निघाला.

दुसरी पूनव आली. तांडा काही फिरला नाही. उलट त्याच नाईकाला लोकांनी पेठेत बघितलं. आता कुणीही शहाणी बाई म्हणाली असती की चला, पेठ बरी. पण गोजराला राग आला. पेठेचा राग, तांड्याचा राग, स्वतःच्या हातातल्या पातळ तव्याचा राग. धाकट्या लेकीनं तिच्या गावी बोलावलं होतं, तिथं नदीकाठी मोठी जत्रा भरायची. गोजरानं ठरवलं, तिकडंच जायचं. लिंबाला म्हणाली, “आता पक्कं सांग. येत नाही. माझा तवा तेवढा तुझ्याबरोबर धाडून द्या म्हणावं.”

लिंबा तव्याशिवाय परत आला.

“येसाआक्का म्हणाल्या, विसार बुडालाय. यायचं तर तुम्ही या.”

“बुडाला? तवा काय विहिरीत पडलाय का बुडायला? मी त्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. चूल पेटवली नाही. एक रात्र पाठ टेकली नाही. आणि तवा त्यांचा?”

“मला काय कळतंय, अक्का? मी आपला निरोप्या.”

गोजरा त्याच पावली घाट चढली. येसाआक्काच्या दारात उभी राहिली. तवा अजून दारावर टांगलेला होता. वर धूळ बसली होती आणि एका कडेला कोळ्यानं जाळं विणलं होतं. गोजरानं हात वर केला, तशी येसाआक्का आडवी आली.

“आता नाही, बाई. पूनव उलटून दुसरी झाली. पाराला विचारा.”

“विचारते! पाराला विचारते, आभाळाला विचारते!”

आणि ती पारापाशी आली. सुरुवातीला ओरडत आली ना, ती ही अशी. तिच्या मागोमाग येसाआक्का आली, आणि गाढव घेऊन घाट चढलेला लिंबाही.

पारावर एक म्हातारा बसायचा. पेठेतले तंटे तोच तोडायचा. त्याच्या मांडीवर नेहमी अंबाडीचा वाख असायचा आणि ऐकता ऐकता तो दोर वळत राहायचा. लोक म्हणत, तंट्याला जितका वेळ लागतो तितका दोर लांब होतो, म्हणून म्हाताऱ्याला घाई नसते.

“बोल,” तो म्हणाला.

“मी हिला निरोप धाडला होता, की मी येत नाही. आणि हिनं माझा तवा दाबला. कुणाला सांगितलं तर म्हणतात, तू आली का नाहीस? अरे, निरोप धाडला होता म्हणते ना! एकाला खरं वाटत नाही!”

“येसा?”

“निरोप आले की. तीन आले,” येसाआक्का म्हणाली. “पण काय आले ते त्यांनाच विचारा.”

“हा मीठवाला विसरला असेल,” गोजरा म्हणाली. “ह्याचं डोकं बघा केवढं, त्यात निरोप राहील कुठं?”

लिंबा बिचारा कानाला हात लावू लागला. म्हाताऱ्यानं दोर वळता वळता लिंबाच्या मागं उभ्या असलेल्या गाढवाकडे बघितलं.

“तू ऐकलंस का रे?”

“विचारलंत, बरं झालं,” गाढव म्हणालं. “माझे कान किटलेत. पहिल्या खेपेला होतं, पुनवेला जमत नाही, पण खोली माझीच, कुणाला देऊ नका, अवसेला येतेच. दुसऱ्या खेपेला होतं, बहुतेक येत नाही, पण दार दुसऱ्याला देऊ नका, मन फिरलं तर. तिसऱ्या खेपेला होतं, येत नाही, तवा धाडा. पहिले दोन निरोप मिठापेक्षा जड होते. काय न्यायचं ते मलाच कळेना.”

लोक हसले. गोजरा मात्र हसली नाही. ती गाढवाकडे बोट करून म्हणाली, “बघा! बघा! हेच तर मी म्हणते. मी निरोप धाडला होता!”

“धाडला होतास,” म्हातारा म्हणाला.

“हो, धाडलावता,” येसाआक्का म्हणाली.

“धाडलावता की, अक्का,” लिंबा म्हणाला.

गोजरा गोंधळली. आजूबाजूला सगळ्यांच्या माना होकारानं हलत होत्या. खोटं ठरवलं असतं तर ती भांडली असती, पारावर बसकण मारून संध्याकाळपर्यंत भांडली असती. पण सगळे खरं म्हणतात आणि तरी आपण हरतो, असं कसं? हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

“मग… मग माझं खरं धरलंत तर तवा का नाही?”

“खरं धरलं म्हणून तर हे झालं,” म्हातारा म्हणाला. “तू म्हणालीस खोली माझी, येसानं खरं धरलं. तू म्हणालीस येणार नाही पण दार देऊ नको, तेही तिनं खरं धरलं. दोन पुनवा ते दार बंद राहिलं. तुझा शब्द तिनं तुझ्यापेक्षा जास्त सांभाळला.”

“पण मी राहिलेच नाही तिथं!”

“नाही राहिलीस. दुसऱ्यालाही राहू दिलं नाहीस.”

गोजराला एकदम काहीतरी सुचलं. ती येसाआक्काकडे वळली. “पहिल्या पुनवेला विसार बुडाला होता ना? मग तेव्हाच तवा उतरवून दार दुसऱ्याला का नाही दिलंत? रीत तर तुमची! चूक तुमचीच की!”

आता सगळे येसाआक्काकडे बघू लागले. ती पदराचं टोक चाचपू लागली.

“उतरवणार होते,” ती म्हणाली. “दोनदा चौरंग लावला. पण बाईमाणसाचा तवा. चुलीवरून काढल्यासारखं वाटलं. म्हटलं, येईल बिचारी.”

म्हाताऱ्यानं हातातला दोर थांबवला. तो क्वचित थांबवायचा.

“चूक तुझीही आहे, येसा. दया करावी, पण दाराला टांगून ठेवू नये.” मग तो गोजराला म्हणाला, “तवा रीतीनं येसाचा. त्यात मी बदल करत नाही. पण ज्याचा विसार बुडतो त्याला पेठ एक हक्क देते. तो तुझा आहे.”

“कसला हक्क?”

“नाव घेण्याचा. दिवस मावळायच्या आत, ज्या दारावर तवा टांगला होता त्या दारात उभं राहायचं, आणि हे कुणामुळं झालं, त्याचं एकच नाव घ्यायचं. तुला वाटेल ते. कुणी तुझ्याशी वाद घालणार नाही, मीसुद्धा नाही. ज्याचं नाव घेशील, त्याच्याशी वर्षभर पेठेत कुणी विसाराचा व्यवहार करत नाही. घरमालक असेल तर त्याच्या दारावर कुणी काही टांगत नाही. निरोप्या असेल तर त्याच्या हाती कुणी निरोप देत नाही. आणखी कुणी असेल, तर त्याला पेठेत दार मिळत नाही.”

“आणि माझा तवा?”

“तो गेला.”

तवा गेला. हे शब्द गोजरानं आता कुठं ऐकले. आईचा तवा. त्याच्या कडेला एक बारीक खाच होती, लहानपणी तिनंच उलथणं आपटून पाडलेली. आई रागवली नव्हती, म्हणाली होती, आता हा तुझा झाला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्याबरोबर रागही आला. वर्षभर खोली रिकामी? बरं झालं! बघू या येसाआक्काला दया कशी परवडते. नाव तिच्या ओठांवर तयारच होतं. ती तरातरा निघाली. मागून येसाआक्का, लिंबा, लिंबाचं गाढव आणि अर्धी पेठ.

दारापाशी येऊन ती थबकली.

तवा दारावर नव्हता. पारावर तंटा सुरू झाला तसा येसाआक्काच्या सुनेनं तवा उतरवून कोनाड्यात ठेवला होता, आणि उघड्या दारात कुणीतरी येऊन बसलं होतं. ओसरीत, बरोबर गोजरानं मनात धरलेल्या कोनाला, तीन दगडांची चूल मांडलेली होती. एक तरुण, फिकुटलेली बाई फुटक्या घागरीच्या खापरावर भाकरी भाजायला बघत होती. शेजारी तिची सासू तान्ह्या पोराला धुरापासून वाचवत पाय पसरून बसली होती. पोर खोकत होतं.

“तुम्ही कोण?” गोजरानं विचारलं.

“आम्ही टोपल्या विणतो, मावशी,” तरुण बाई म्हणाली. “दीड महिना झाला पेठेत येऊन. तळावरच्या गोठ्यात होतो. तिथंच हा झाला.”

“गोठ्यात? थंडीत? अगं, मग इथं का नाही विचारलंस?”

“विचारलं की. पहिली पूनव झाली, तिसऱ्या दिवशी आलो होतो. पोट हे एवढं. पण दारावर तवा होता.”

गोजरानं वर, रिकाम्या दाराकडे बघितलं.

सासू म्हणाली, “रोज संध्याकाळी मी गोठ्यातनं बघायची, तवा गेला का. न्हाई गेला की हिला म्हणायची, अगं, ती तवावाली कुठं अडकली असंल गं? आजारी पडली का काय? वाटंत काही झालं का? तिच्या घरी लेकरं भाकरी कशावर खात असतील?” म्हातारीनं गोजराकडे बघितलं. “तुम्ही वळखता का तिला? बरी हाय ना ती?”

खापरावरची भाकरी मधोमध चिरली. तरुण बाईनं ती उलटायला बोटं घातली आणि चटका बसून मागं घेतली.

“अगं, असं नाही!” गोजरा ओरडली, कारण तिला ते बघवेना. “पाणी जास्त झालंय. आणि खापरावर भाकरी होते का कधी? त्याला…”

त्याला तवा लागतो, असं ती म्हणणार होती.

ती उंबऱ्यात उभी होती. दोन पुनवा जो उंबरा तिनं ओलांडला नव्हता, त्याच उंबऱ्यात. एका बाजूला ओसरीत ही पोर, तिची सासू, तिचं खोकणारं बाळ. दुसऱ्या बाजूला रस्त्यात येसाआक्का, कपाळाला आठ्या घालून, आपलं नाव घेतलं जाणार म्हणून तयार. तिच्यामागं लिंबा, गाढवाचा कान धरून. मी आजारी नव्हते, गोजराच्या मनात आलं. मला काही झालं नव्हतं. मी चुलीतली लाकडं मागंपुढं करत होते, बस. आणि ही म्हातारी गोठ्यात बसून माझी काळजी करत होती. मग मी कुणावर रागावायचं? राग तर होता, हा एवढा होता. ठेवायला जागा मिळेना.

येसाआक्का पुढं आली. कोनाड्यातला तवा तिनं पदरानं पुसला, जाळं काढलं आणि गोजराला न विचारता त्या बाळंतिणीपुढं ठेवला.

“मला घरी दोन तवे आहेत,” ती म्हणाली. “हिला एक नाही.”

गोजराला वाटलं, हिसकावून घ्यावा. हात पुढंही गेला. पण तिनं तवा उचलला तो चुलीवर ठेवायला. नीट, जरासा कलता, तिची आई ठेवायची तसा. मग त्या पोरीला म्हणाली, “आधी तापू दे. घाई करायची नाही. आणि ही खाच दिसते ना, ही बाजू नेहमी आपल्याकडं ठेवायची.”

भाकरी पाऊण भाजत आली. मग ती फुगली. टम्म.

“दिवस मावळतोय, बाई,” मागून म्हातारा म्हणाला. तोही दोर काखेत धरून आला होता. “नाव घ्यायचं असेल तर घे. नाही घेतलंस तर हक्क गेला. मग जन्मभर ज्याला त्याला सांगत फिरशील.”

गोजरानं डोळे पुसले. ते धुरामुळं होतं की कशामुळं, मला ठाऊक नाही. ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली आणि पेठेनं ऐकावं म्हणून तिनं मोठ्यानं नाव घेतलं.

ते नाव ऐकून येसाआक्काच्या हातातला पदर सुटला. लिंबा म्हणाला, “अक्का, अहो, असं कसं?” पण वाद घालायचा नाही ही रीत, म्हणून तो गप्प झाला. गाढवाला कुणी विचारलं नाही, त्यामुळं तेही बोललं नाही.

पेठेनं रीत पाळली. टोपल्यावालीचा तवा तिच्या चुलीवर राहिला आणि पोराचा खोकला ओसरीच्या उबेत महिन्याभरात गेला. येसाआक्काचं दार उघडं राहिलं, लिंबाकडे लोक निरोप देत राहिले. आणि ज्याचं नाव घेतलं गेलं, त्याला वर्षभर पेठेत दार मिळालं नाही. ते वर्ष त्या माणसानं पायथ्याच्या वाडीत काढलं, पातळ तव्यावर, करपलेल्या भाकरीच्या वासात. पण एक झालं. त्या वर्षात यायचं असलं तर येते आणि यायचं नसलं तर येत नाही, यापलीकडं तिसरा निरोप त्या तोंडून कधी गेला नाही.

वापरायचं नाही आणि सोडायचंही नाही, असं धरून ठेवलेलं दार आपलं होत नाही, दुसऱ्याला मात्र बंद होतं.

आणि त्या संध्याकाळी उंबऱ्यात उभी राहून तिनं जे एकच नाव घेतलं, ते होतं गोजरा.